न्यू ग्लेनचा बूस्टर उतरला, आता प्रक्षेपणं स्वस्त होणार का?

उल्कापात (धागाकर्ता)

१३ नोव्हेंबर २०२५ ला जेफ बेझोसच्या ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू ग्लेन रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे बूस्टर, अटलांटिकमध्ये 'जॅकलिन' नावाच्या जहाजावर उभाच्या उभा उतरला. उड्डाण केप कॅनाव्हेरलहून झालं आणि नऊ मिनिटांच्या आसपास बूस्टर डेकवर होता. मी लाइव्ह बघत होतो. खाली येताना तो जहाजाच्या रोखाने येतच नव्हता, बाजूला चालला होता. मला वाटलं, गेला समुद्रात. तेवढ्यात त्याचा वेग मंदावला, ज्वाळेवर तोलून राहिला आणि सावकाश आडवा सरकत डेकवर आला. सुमारे ५७ मीटर उंचीची वस्तू! घरातले सगळे झोपले होते, तरी माझ्या तोंडून ओरडणं निघालंच.

आनंद आहेच, पण धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. 'स्पेसएक्सने हे दहा वर्षांपूर्वी केलंय, यात नवीन काय' असं बरेच जण म्हणताहेत. माझ्या मते नवीन आहे आणि मोठं आहे. कक्षेत सामान पोचवणाऱ्या रॉकेटचा पहिला टप्पा असा उभा उतरवून दाखवणारी ही जगातली दुसरीच कंपनी. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ चा बूस्टर पहिल्यांदा उतरला २१ डिसेंबर २०१५ ला. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं हे काम एकाच कंपनीच्या हातात होतं. त्या काळात फाल्कनचं काय झालं बघा. काही बूस्टर तीस-तीसदा उडाले. २०२४ या एका वर्षात १३० हून जास्त उड्डाणं झाली. पण गिऱ्हाइकाला सांगितला जाणारा दर? तो ६.२ कोटी डॉलर होता, २०२२ मध्ये ६.७ कोटी झाला. म्हणजे कंपनीचा खर्च खाली आला आणि दर होता त्याच्या वर गेला. येणारच, समोर कोणी नव्हतंच.

आता समोर कोणीतरी आहे. म्हणून मला हे लँडिंग २०१५ च्या लँडिंगइतकंच महत्त्वाचं वाटतं. तेव्हा 'जमतं' हे कळलं होतं, आता 'दुसऱ्यालाही जमतं' हे कळलं.

तुमचं मत हवंय. एक विनंती, मस्क चांगला की बेझोस चांगला हा वाद इथे नको. रॉकेटबद्दल बोलू.

*

गणिती

अभिनंदन त्या अभियंत्यांचं, मनापासून. पण उल्कापात, तुमच्या मांडणीला माझा ठाम विरोध आहे.

उतरणं आणि पुन्हा वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पैसा दुसरीत वाचतो. फाल्कनचंच उदाहरण घ्या. डिसेंबर २०१५ ला उतरलेला बूस्टर परत कधीच उडाला नाही, तो कंपनीने आठवण म्हणून उभा करून ठेवला. पुन्हा उडालेला पहिला बूस्टर एप्रिल २०१६ ला समुद्रात उतरलेला, आणि तो उडाला ३० मार्च २०१७ ला. जवळजवळ वर्ष गेलं तपासण्यात आणि दुरुस्तीत. आजचा वेग यायला पुढे आणखी कितीतरी वर्षं लागली.

आणि नासाचं स्पेस शटल विसरू नका. तेही 'पुन्हा वापरता येणारं'च होतं. परत आलं की इंजिनं काढून तपासायची, उष्णतारोधक टाइल्स एकेक करून बघायच्या, आणि त्या होत्या चोवीस हजारांच्या घरात. वर्षाला पन्नास उड्डाणांची स्वप्नं दाखवली होती. सगळ्यात जास्त झाली १९८५ मध्ये, नऊ. तीस वर्षांत मिळून १३५. यान परत येत होतं, बचत येत नव्हती.

न्यू ग्लेनने नोव्हेंबर २०२५ च्या या लँडिंगपर्यंत एकूण दोन उड्डाणं केली आहेत. दोन. यावरून बाजारभाव उतरतील असं म्हणणं फार घाईचं आहे.

*

थ्रॉटल

गणिती, शटलची तुलना मला पटत नाही. शटलमध्ये परत यायचा तो भाग कक्षेच्या वेगाने यायचा, सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटर. ती उष्णता सोसायला टाइल्स लागल्या आणि टाइल्समुळे सगळा खर्च. बूस्टर त्याच्या एका छोट्या हिश्श्याएवढ्या वेगावर सुटतो, आणि वातावरणात शिरताना इंजिनं पेटवून तो वेगही कमी करतो. म्हणून टाइल्स लागत नाहीत. परत येतो तो धुरकटलेला असतो, जळालेला नसतो. हा फरक किरकोळ नाही.

आता उतरण्याबद्दल, कारण उल्कापातनी लिहिलेला तो 'आडवा सरकला' क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. फाल्कनला असं तोलून राहता येत नाही. शेवटी त्याचं एकच मर्लिन इंजिन चालू असतं, पण ते सगळ्यात कमी जोरावर ठेवलं तरी रिकाम्या बूस्टरच्या वजनापेक्षा जास्त रेटतं. म्हणजे थांबायला गेला तर परत वर जायला लागेल. त्यामुळे वेग शून्य व्हायला हवा तो नेमका डेकला पाय टेकताना. जरा आधी झाला तरी पंचाईत, नंतर झाला तर आदळणार. त्यांनी हे पाचशेहून जास्त वेळा केलंय याला माझा दंडवत.

न्यू ग्लेनच्या बीई-४ इंजिनाचा जोर बराच खाली आणता येतो आणि बूस्टरही जड आहे. म्हणून तो थांबू शकतो, जागा बघून सरकू शकतो. मुद्दाम बाजूला रोखून यायचं आणि सगळं नीट चालू आहे असं दिसलं तरच जहाजावर यायचं, म्हणजे बिघाड झालाच तर जहाज वाचतं. याची किंमत इंधनात मोजावी लागते, कारण हवेत थांबलेला प्रत्येक सेकंद इंधन खातो. पण सावधपणाची ही रीत मला आवडली.

आणि दुसऱ्याच प्रयत्नात उतरला! १६ जानेवारी २०२५ च्या पहिल्या उड्डाणात रॉकेट कक्षेत गेलं, पण बूस्टर हातचा गेला, कारण परत येताना इंजिनं पुन्हा पेटली नाहीत. चौकशीनंतर सात सुधारणा ठरल्या आणि दहा महिन्यांत हे लँडिंग. फाल्कनला समुद्रावर आधी काय काय झालं आठवतं ना? जानेवारी २०१५ मध्ये पंख हलवणारं हायड्रॉलिक तेल संपलं. एप्रिलमध्ये झडप अडकली आणि बूस्टर कलंडला. जानेवारी २०१६ मध्ये उतरला मस्त, पण एका पायाची कडी बसली नाही आणि पाय दुमडला.

पायावरून आठवलं. नव्वदच्या दशकात मॅक्डोनेल डग्लसने डीसी-एक्स नावाचं छोटं रॉकेट केलं होतं. १९९३ मध्ये न्यू मेक्सिकोच्या व्हाइट सँड्समध्ये ते वर गेलं, हवेत थांबलं, आडवं सरकलं आणि शेपटीवर उतरलं. अपोलो १२ चे कमांडर पीट कॉनरॅड जमिनीवरून त्याची उड्डाणं सांभाळत. १९९६ मध्ये चारपैकी एक पाय उघडला नाही, रॉकेट आडवं पडून जळालं आणि तो प्रकल्पच संपला. पुन्हा बांधायला पैसा नव्हता. एका पायापायी वीस वर्षं मागे पडलो आपण, असं मला कायम वाटत आलंय.

*

दुर्बीण

मी इथे नावडती बाजू मांडणार आहे, समजून घ्या.

बूस्टर उतरताना बघून माझ्याही अंगावर काटा आला. पण मी आकाशाचे फोटो काढते, गेली बारा वर्षं. संध्याकाळी अंधार पडल्यावर आणि पहाटे उजाडण्याआधी, म्हणजे धूमकेतू शोधायच्या नेमक्या वेळी, माझ्या फोटोत उपग्रहांच्या रेघा येतात. पूर्वी एखादी यायची. आता रेघ नसलेला फोटो शोधावा लागतो.

हे सगळे बूस्टर उतरवून आपण वर काय नेतोय ते बघा. फाल्कनची बहुसंख्य उड्डाणं कंपनीच्या स्वतःच्याच स्टारलिंक या इंटरनेट उपग्रहांची असतात. आठ हजारांहून जास्त स्टारलिंक उपग्रह आज वर आहेत. न्यू ग्लेनच्या उड्डाणांचा मोठा गठ्ठा ॲमेझॉनने २०२२ मध्येच राखून ठेवला, तोही त्यांच्या ३,२३६ उपग्रहांच्या जाळ्यासाठी. म्हणजे उल्कापात ज्याला स्पर्धा म्हणतात ती माझ्यासाठी दुप्पट रेघांची बातमी आहे.

आणि हे उपग्रह पाचेक वर्षांनी वातावरणात जाळून टाकायचे असतात. जळून नाहीसे होतात असं आपण म्हणतो, पण धातू जातो कुठे? २०२३ मध्ये अमेरिकेच्या नोआ या हवामान आणि सागर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी विमानातून स्थितांबरातले कण तपासले. त्या थरातल्या सल्फ्युरिक आम्लाच्या सुमारे दहा टक्के कणांत यानांतून आलेलं ॲल्युमिनियम आणि इतर धातू सापडले. ओझोनवर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास आत्ता कुठे चालू झालाय, उपग्रह मात्र चालू होऊन गेलेत.

पुनर्वापराने खर्च कमी होतो, मान्य. खर्च कमी झाला की कचरा वाढतो, याचा हिशेब कोण मांडणार?

*

उल्कापात

दुर्बीणताई, नावडती वगैरे काही नाही, हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता. रेघांचं दुःख मला माहीत आहे, मीही दुर्बिणीला डोळा लावणारा माणूस आहे.

पण दोन गोष्टी सांगू द्या. एक म्हणजे बूस्टर परत आणला नाही तर तो कुठेतरी पडतोच. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात रशियाच्या प्रोटॉन रॉकेटचे टप्पे वर्षानुवर्षं पडत आले, विषारी इंधनाच्या अंशासकट. चीनमध्ये खेड्यांजवळ पडलेल्या टप्प्यांचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. समुद्रात पडला तर दिसत नाही इतकंच. शिवाय न्यू ग्लेनचा बूस्टर मिथेनवर चालतो, त्यातून केरोसीनइतकी काजळी निघत नाही.

दुसरं, या उड्डाणात वर गेलं काय? नासाची एस्केपेड, मंगळाकडे निघालेली दोन जुळी छोटी यानं. मंगळाचं वातावरण सौर वाऱ्याने कसं खरवडलं जातं ते दोघं मिळून मोजणार. थेट जायची वेळ आत्ता नव्हती, म्हणून वर्षभर पृथ्वीपासून लांब थांबून २०२६ च्या अखेरीस ती मंगळाची वाट धरतील. या प्रक्षेपणासाठी नासाने दिले सुमारे दोन कोटी डॉलर. आंतरग्रहीय मोहिमेसाठी! एवढ्याशा खर्चात मंगळ ही गोष्ट माझ्या कॉलेजच्या दिवसांत कोणी ऐकूनही घेतली नसती.

*

गणिती

उल्कापात, इथे तुम्ही घसरलात. तो दोन कोटींचा दर पुनर्वापरामुळे नव्हता. करार २०२३ चा, तेव्हा न्यू ग्लेन एकदाही उडालं नव्हतं. नव्या, न उडालेल्या रॉकेटवर कमी पैशाची, जोखीम परवडणारी यानं बसवायची अशी नासाची ती योजना होती. धोका पत्करला म्हणून स्वस्त मिळालं. त्या स्वस्ताईची किंमतही नासाने मोजली, कारण ही यानं २०२४ मध्ये निघायची होती आणि रॉकेट तयार नव्हतं. 'वर्षभर लांब थांबणं' हे त्या उशिराचंच फळ आहे.

फाल्कनच्या दराबद्दलही तुम्ही अर्धंच सांगितलंत. २०१६ पासून २०२२ पर्यंत डॉलरच घसरला. महागाई धरली तर ६.७ कोटी म्हणजे आधीच्या ६.२ पेक्षा कमीच भरतात. शिवाय छोट्या उपग्रहांसाठी त्यांनी एकत्र नेण्याची सोय काढली, २०० किलोंना दहा लाख डॉलर असा दर २०१९ मध्ये जाहीर केला. विद्यापीठांना याआधी इतक्या पैशांत कोण विचारत होतं? म्हणजे समोर कोणी नसतानाही फायदा गिऱ्हाइकापर्यंत थोडा झिरपला.

*

उल्कापात

एस्केपेडच्या दराबद्दल तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. ते उदाहरण मागे घेतो. महागाईचंही मान्य.

पण 'थोडा झिरपला' हे शब्द तुमचेच आहेत. मला तो थोडाच का झिरपला हे विचारायचंय.

*

जुना प्रेक्षक

मी फारसं लिहीत नाही इथे. पण १ फेब्रुवारी २००३ ला मी टीव्हीसमोर होतो. कल्पना चावला परत येणार म्हणून आम्ही सगळे बसलो होतो. कोलंबिया शटल आलंच नाही.

त्या यानाचं ते २८ वं उड्डाण होतं. उड्डाणावेळी टाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. फोम निघणं नवीन नव्हतं, आधीच्या कितीतरी उड्डाणांत निघाला होता आणि काही बिघडलं नव्हतं. म्हणून 'चालतं' अशी सवय पडली. पुन्हा वापरायच्या यंत्राचा मला वाटणारा धोका हा आहे. नवीन रॉकेटकडे सगळे डोळ्यांत तेल घालून बघतात. पंचविसाव्यांदा उडणाऱ्याकडे तसं कोण बघतं?

ऑगस्ट २०२४ मध्ये २३ वं उड्डाण करून आलेला फाल्कनचा बूस्टर उतरताना कलंडला. माणसं नव्हती, उपग्रह आधीच पोचले होते, नुकसान कंपनीचं झालं. पण माणसं घेऊन जाणारे बूस्टरही बहुतेक वेळा वापरलेलेच असतात. ब्लू ओरिजिन एकेक बूस्टर २५ वेळा वापरायचं म्हणते आहे. म्हणू दे. मला आकडा वाढल्याचा आनंद होत नाही, पोटात गोळा येतो.

*

थ्रॉटल

काका, तुमच्या लिहिण्यावर लगेच उत्तर द्यायची हिंमत होत नव्हती. दोनदा लिहून खोडलं.

कोलंबियाबद्दल तुम्ही म्हणता ते शब्द न् शब्द खरं आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. फेकून द्यायच्या रॉकेटमध्ये इंजिनाला आतून तडा जात असेल तर तो समुद्राच्या तळाशी जातो, कोणाला कळत नाही. परत आलेलं इंजिन उघडून बघता येतं. फाल्कनच्या मर्लिनमध्ये टर्बाइनच्या चाकाला तडे जातात हे माणसं नेण्याआधी लक्षात आलं आणि ते बदललं गेलं. कलंडलेल्या बूस्टरनंतरही अमेरिकेच्या विमानवाहतूक यंत्रणेने उड्डाणं थांबवून विचारणा केली होतीच, काही दिवसच का होईना.

सवय पडण्याचा धोका यंत्र परत येण्यात नाही, परत आलेलं न बघण्यात आहे. यावर मात्र तुम्ही म्हणाल की बघणारी माणसंच थकतात, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

*

जुना प्रेक्षक

हो, तेच म्हणणार होतो. पण उघडून बघता येतं हा मुद्दा मी धरला नव्हता. विचार करतो.

*

धूमकेतू_७

गणितीसाहेबांना एक प्रश्न. किती वेळा उडाला की बूस्टर फायद्यात जातो? कारण परत यायला इंधन राखून ठेवायचं म्हणजे तेवढं सामान कमी. फाल्कन ९ बूस्टर फेकून दिला तर भूस्थिर कक्षेच्या वाटेवर ८.३ टन नेतं, परत आणायचा तर साडेपाच. पावणेतीन टन म्हणजे केवढं झालं!

*

गणिती

हाच प्रश्न सगळ्याच्या मुळाशी आहे. यूएलए या अमेरिकी रॉकेट कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं की ताफ्याची सरासरी दहा उड्डाणांच्या आसपास गेली तर परवडतं. मस्क यांचं उत्तर होतं, दोन उड्डाणांत बरोबरी, तिसऱ्यात फायदा. दोघेही स्वतःच्या धंद्याची बाजू मांडत होते. पण फरक गणिताच्या चुकीमुळे नाही, वर्षाला किती उड्डाणं धरता त्यामुळे आहे. कारखाना, कामगार, जहाज, ही मंडळी बूस्टर उडो न उडो पगार आणि देखभाल खातात. वर्षाला दहाच उड्डाणं असतील आणि बूस्टर टिकाऊ असेल तर नवीन बूस्टर बांधणारा कारखाना रिकामा बसतो आणि त्याचा खर्च त्या दहांवरच पडतो.

म्हणून दुर्बीणताई म्हणतात ते उपग्रहांचे थवे या गणितात योगायोगाने आलेले नाहीत. स्टारलिंक नसतं तर फाल्कनला इतकी उड्डाणं मिळालीच नसती. बूस्टर वाचवायला उड्डाणं लागतात, उड्डाणांना सामान लागतं, सामान बाजारात नाही म्हणून ते कंपनी स्वतः तयार करते. पुनर्वापराचा मी विरोधक आहे असं समजू नका. मला हे चक्र आवडत नाही.

*

दुर्बीण

गणिती, धन्यवाद. मला जे नुसतं खटकत होतं ते तुम्ही उलगडून मांडलंत.

*

उल्कापात

आता इतकं सगळं वाचून मी माझं म्हणणं जरा बदलून मांडतो. दर आपोआप उतरतील असं मी पहिल्या पोस्टमध्ये सुचवलं, ते घाईचं होतं. पण दुसरी कंपनी महत्त्वाची हे मी सोडत नाही, आणि त्याचं एक कारण पैशापलीकडचं आहे.

२०१४ मध्ये ब्लू ओरिजिनला समुद्रातल्या जहाजावर रॉकेट उतरवण्याचं पेटंट मिळालं होतं. स्पेसएक्सने आव्हान दिलं, २०१५ मध्ये ब्लू ओरिजिनने त्यातले बहुतेक दावे सोडून दिले. ते पेटंट टिकलं असतं तर? एकाने दाराला कुलूप लावलं असतं. ते लागलं नाही म्हणून एकाने करून दाखवलं, आणि आज ज्याचं पेटंट होतं तोही त्याच वाटेने उतरला. यापुढे हे ज्ञान एका कंपनीच्या नशिबाला बांधलेलं नाही. उद्या फाल्कनमध्ये मोठा दोष निघाला आणि उड्डाणं थांबली तर परत येणारं दुसरं रॉकेट आहे. ताई, न्यू ग्लेनच्या टोकाचं, सामान झाकणारं टोपण जास्त रुंद आहे, त्यात मोठ्या दुर्बिणीही जातील. वेब या अवकाश दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा आणि तिचं सूर्यकवच घड्या घालून न्यावं लागलं, आणि त्या घड्या उलगडेपर्यंत सगळ्यांचा श्वास अडकला होता. जागा जास्त मिळाली तर घड्या कमी.

*

दुर्बीण

अवकाशातली दुर्बीण मला हवीच आहे. पण ती चारदोन शास्त्रज्ञांना वेळ देईल. गच्चीवरून दिसणारं आकाश सगळ्यांचं असतं, त्याच्या बदल्यात ती नको. इथे आपलं जमणार नाही, उल्कापात, आणि चालेल.

*

गणिती

माझी अट लिहून ठेवतो, म्हणजे नंतर मला पळवाट नको. हाच बूस्टर, दुसरा नवीन नव्हे, वर्षाच्या आत पुन्हा उडाला आणि पुन्हा उतरला, तर मी याच धाग्यावर येऊन 'उल्कापात बरोबर होते' असं लिहीन. इंजिनं सातही बदलून उडवला तर मात्र मोजणार नाही.

*

थ्रॉटल

सातपैकी दोन बदलली तर?

*

गणिती

दोन चालतील. तीन नाही.